छत्तीसपैकी चोवीस: एसटी, बाजाराचा वार आणि माझी खाऊवही

महाराष्ट्राच्या छत्तीसही जिल्ह्यांत एसटीनं जाऊन तिथलं रोजचं खायचं आणि वहीत टिपायचं, असा माझा उद्योग आहे. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा वहीत १८ जिल्हे होते. आज २४ झाले. वर्षात सहा म्हणजे काही फार नाही, पण त्यातल्या एका जिल्ह्याला दोनदा जावं लागलं आणि एकदा गुडघ्यानं संप केला.

नवीन वाचणाऱ्यांसाठी नियम सांगते. प्रत्येक जिल्ह्यातलं एक गाव. जिल्ह्याचं ठाणं चालणार नाही. लांबचा टप्पा रेल्वेनं चालेल, पण गावात शिरायचं ते एसटीनंच. तिथं निदान एक नाश्ता आणि एक जेवण. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी आलेय म्हणून कुणी काही वेगळं रांधलेलं नको. गाव रोज जे खातं तेच माझ्या ताटात यायला हवं. पहिला जिल्हा नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरलाच गेली होती, म्हणून सुरुवात तिथून केली. जिल्ह्याचं ठाणं नको हा नियम नंतर आला, त्यामुळे नगर शहर वहीत तसंच राहिलंय. ज्याला आक्षेप घ्यायचाय त्यानं घ्यावा.

या वर्षी एक गोष्ट पक्की कळली. आधी मी रविवारी जायचे, कारण नोकरी. दहातल्या पाच गावांत रविवारी खानावळ बंद, नाहीतर अर्धी उघडी. साहजिकच आहे, रविवारी गाव घरी जेवतं. गाव बाहेर जेवतं ते बाजाराच्या दिवशी. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं सकाळी नऊ-दहाला माल घेऊन उतरतात, दुपारी त्यांना भूक लागते आणि ती पुरवायला भज्यांच्या कढया नि भाकरीच्या चुली पेटतात. निवृत्तीनंतर मी सहली बाजाराच्या वाराप्रमाणे आखते. त्याचा भुर्दंड एवढाच की परतीची चारची गाडी मिळत नाही. मिळाली तरी पायाखाली पोतं आणि मांडीवर कुणाचंतरी नातवंड असतं.

सिंधुदुर्ग हा या पद्धतीचा पहिला फायदा. सावंतवाडीचा बाजार मंगळवारी, कुडाळचा बुधवारी. एक रात्र मुक्काम केला की दोन बाजार पदरात. मी मेच्या मध्यावर गेले, आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची बेगमी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सुकी मासळी, कोकमाची सोलं, लाल मिरच्या, तिरफळांच्या पुड्या. घेणाऱ्या बायका सुक्या बांगड्याची शेपटी वाकवून बघत होत्या. मीही एक वाकवली, काय बघायचं ते मात्र कळलं नाही.

जेवायची जागा कुणी सांगितली? कंडक्टरनं. ही माझी जुनी युक्ती. मुक्कामी गाडीचे चालक-वाहक रात्री त्याच गावात राहतात, रोज खिशातून खर्च करून जेवतात, त्यांना फसवून चालत नाही. एका घराच्या पडवीत चार बाकडी, पाटी नाही. गेले तर बाई म्हणाल्या, "बांगडो संपलो, आता सुंगटा आसत. चलात?" सुंगटा म्हणजे कोळंबी; चालतील म्हटलं. पण शेजारच्या बाकड्यावरच्या आजोबांच्या ताटात बांगड्याचं तिखलं होतं आणि त्यातल्या तिरफळाचा वास माझ्यापर्यंत येत होता. आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाच्या ताटाकडे टक लावून बघितलं. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "उद्या बाराच्या आत येवा." दुसऱ्या दिवशी कुडाळ सोडून साडेअकराला परत सावंतवाडी. तिखलं मिळालं. कुडाळच्या बाजाराची नोंद त्यामुळे दीड ओळीची आहे.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, तोही गाठला. गोवा माझ्या हिशेबात बसत नाही, म्हणून ते पान वहीत उलटीकडून लिहिलंय.

फेब्रुवारीत सोलापूर जिल्हा केला, मंगळवेढा. पंढरपूरहून गाडी निघाली की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि ज्वारी, फक्त ज्वारी. पाणी देणारं काही दिसत नाही, कारण हे पीक पाटाच्या पाण्यावर नसतंच. पावसाळ्यात काळ्या मातीनं धरून ठेवलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर रब्बीची ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपण पुण्यात दुकानात "मालदांडी द्या" म्हणतो, त्या वाणाचं माहेर हा मुलूख. बायका-माणसं ओळीनं वाकून ताटं मुळासकट उपटत होती.

गाव दामाजीपंतांचं. दुष्काळात त्यांनी धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. चोखोबा गेले तेही इथंच, गावकुसाचं काम चालू असताना भिंत अंगावर कोसळून. देवळात दर्शन घेतलं, पण मी खरी आले होते ती भाकरीसाठी.

बाजाराच्या कडेला एक खानावळ, भिंतीला भिंत लावून चूल. भाकऱ्या करणाऱ्या मावशींच्या समोरच बसले. गरम पाण्यात पीठ भिजवून काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगडत होत्या, आणि हे रगडणं संपतच नव्हतं. मी घरी जेवढं मळते त्याच्या तिप्पट तरी. मग गोळा, पिठावर थाप, एका हातानं फिरवत. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. पाणी पूर्ण आटायच्या आत उलटायची, हीच गोम. जरा उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तवा सरकवून भाकरी थेट विस्तवापुढे उभी करायची. पापुद्रा असा टम्म वर आला की वाफ सुटताना आवाज झाला. मी वेळ लावली होती, एका भाकरीला दीड मिनिट आणि तव्यावर एक असताना हातात दुसरी. माझी ताटात येईस्तोवर मावशींनी आठ केल्या.

सोबत येसराची (भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. ही चटणी मिक्सरची नव्हे. शेंगदाणे कुटता कुटता तेल सुटून चटणीला ओलसर चकाकी येते, ती खलबत्त्याशिवाय येत नाही. येताना कडक भाकरीचं पुडकं आणलं. पापडासारखी पातळ, महिना झाला तरी टिकते. आमटीत चुरून पाच मिनिटं झाकून ठेवायची.

एक तक्रार नोंदवते. याच दौऱ्यात दुसऱ्या एका गावी मटणाच्या खानावळीत शिरले तर मालकानं आत बोट दाखवलं, "लेडीज, फॅमिलीत बसा." फॅमिली म्हणजे पडदा लावलेली, पंखा बंद असलेली, कांद्याची पोती ठेवलेली खोली. तिथं ना चूल दिसते ना माणसं. वाढपी येतो तो विसरल्यासारखा. एकटीनं हिंडणाऱ्या बायकांना हे नवीन नाही. माझा उपाय असा की दारातच, मोठ्यानं, "मला चुलीजवळ बसायचंय" म्हणायचं आणि बसून मोकळं व्हायचं. पाचपैकी चार ठिकाणी चालतं. इथं चाललं नाही, म्हणून गावाचं नाव वहीत नाही.

लातूर जिल्ह्यात निलंगा की उदगीर असा घोळ होता. निलंगा राईस लातूरच्या गाड्यांवरही मिळतो, म्हणून उदगीर घेतलं. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं ते उदगीर. किल्ला चांगला आहे, जरूर बघा, पण सकाळी आठला मी किल्ल्यात नव्हते, बसस्थानकाबाहेर सुशीला खात होते. पुण्यामुंबईच्या मंडळींनो, सुशीला म्हणजे कुणी बाई नव्हेत. चुरमुरे पाण्यात भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरची-हळदीची फोडणी, शेंगदाणे, वरून डाळ्याचं कूट. दिसायला पोह्यांची मावसबहीण, पण खायला जास्त हलकी. कर्नाटकात हिलाच सुसला म्हणतात. उदगीरहून बीदर काही लांब नाही, गाड्यावर मराठी, कानडी, उर्दू एकाच वेळी चालू होतं. गाडीवाल्यानं विचारलं, "कुठून आलाव मावशी?" पुण्याहून म्हटल्यावर न विचारता लिंबू जास्त पिळलं. पुणेकरांविषयी त्यांचा काय समज आहे, कुणास ठाऊक.

जळगाव जिल्हा म्हणजे माझ्या वेंधळेपणाचा जाहीर पुरावा. गेल्या एप्रिलमध्ये मी फैजपूरला उतरले. गाव निवडलं ते काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन १९३६ मध्ये तिथं झालं म्हणून, आणि वांग्यांसाठी नाव असलेलं बामणोद जवळ म्हणून. केळीच्या बागांमधून गाडी गेली, जीव सुखावला, उतरून विचारलं, भरीत कुठं चांगलं मिळेल? पानवाला माझ्याकडे बघत राहिला. "आता कुठलं भरीत ताई? थंडीत या." ४२ अंशांत मी शेवभाजी खाऊन परतले. शेवभाजी उत्तम होती, पण ठरवून आले होते भरितासाठी, म्हणून जिल्हा मोजला नाही.

डिसेंबरात, चंपाषष्ठी उलटल्यावर पुन्हा गेले. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मोकळी होतात, तेव्हा मोसम ऐन भरात असतो. तिकडची भरिताची वांगी हिरवट पांढरी, लांबोडकी, दोन वांग्यांत पिशवी भरावी एवढी. काड्यांच्या जाळावर भाजतात, गॅसवर नव्हे, आणि त्या धुराची चव शेवटपर्यंत राहते. सोलून लाकडी भांड्यात हिरवी मिरची नि लसणासोबत ठेचायचं, मग तेलात कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. तिखट लाल नाही, हिरवं. दुकानात भरीत किलोवर विकतात, माणसं डबे घेऊन रांगेत. मी पाव किलो मागितलं तर मागचे गृहस्थ म्हणाले, "एवढ्यानं काय होतं?" सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेली, चवीला किंचित खारी. पाव किलो खरंच पुरलं नाही.

वर्ध्यासाठी आर्वी केलं. सकाळचे तर्री पोहे. गाडीवाला म्हणाला, "सांभार टाकू का?" मला वाटलं, आता हे पोह्यांवर इडलीचं सांबार ओतणार. घाईनं म्हटलं, नको नको, अजिबात नको. कोरडी, बिनकोथिंबिरीची प्लेट हातात आली. विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मला ३० वर्षांपासून माहीत आहे, पण सकाळी सात वाजता माहीत नव्हतं. दुसरी प्लेट सांभारासकट घेतली. परतताना वर्ध्यात गोरसपाक घेतला, गाईच्या तुपातला. घरी येईपर्यंत अर्धाच उरला.

सहावा जिल्हा मुंबई उपनगर. मुंबई शहर नि उपनगर यांत छोटं गाव शोधायचं तरी कुठं? शहरासाठी मागे वरळी कोळीवाडा केला होता. उपनगरासाठी मार्व्याहून होडीनं मनोरी. एसटीचा नियम मोडला, पण खाडीत एसटी चालत नाही. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक ख्रिस्ती घरचे फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) खाल्ले. बाकी विशेष नाही.

खर्चाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर मी "आवडेल तेथे प्रवास"चा पास घेणं बंद केलं. चार किंवा सात दिवसांत पास वसूल करायचा म्हणून धावाधाव होते, आणि धावाधावीत जेवण हुकतं. पुरुष मंडळींना पास अजून परवडत असेल, तुमचा हिशेब तुम्ही करा.

उरले १२. पालघर, नंदुरबार, परभणी, हिंगोली, अमरावती विभागातले तीन आणि नागपूर विभागातले तब्बल पाच. नंदुरबार मिरच्या वाळत घालतात तेव्हाच जाणार, एप्रिलची चूक पुन्हा नाही. हिंगोलीत वसमत, हळदीसाठी. गडचिरोलीला वडसा ठरलंय, दिवाळीनंतर, झाडीपट्टीची, म्हणजे तिकडच्या पूर्व विदर्भातली नाटकं सुरू झाली की. नाटक रात्रभर चालतं, म्हणजे राहायची सोय बघायला नको. फक्त पहाटे मांडवाबाहेर खायला काय मिळतं आणि सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, एवढं तिकडचं कुणी सांगितलं तर वहीत आधीच टिपून ठेवते.