कुरव आले, फोटो गेले

यंदाची पहिली नोंद खरं तर कुरवांची, म्हणजे सीगल पक्ष्यांची, व्हायची होती. ती झाली टॅबची. दोन रविवार हर्णै-आंजर्ल्याला जाऊन आलो, पक्षी मिळाले, आणि फोटो कुठे गेले ते शोधण्यात पुढचे तीन दिवस गेले. आपल्यापैकी बरेच जण कार्ड रीडर लावून थेट टॅबवरच फोटो घेतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

12 ऑक्टोबर. सकाळी दापोलीहून निघालो. सातच्या सुमारास हर्णै बंदरात. मासळीचा लिलाव सुरू झालेला, बैलगाड्या पाण्यात उतरलेल्या, आणि सुवर्णदुर्गाच्या बाजूने सात कुरव येऊन होड्यांवर घिरट्या घालायला लागले. या दिवसांत तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं तपकिरी नसतंच, डोळ्यामागे नुसता काळा ठिपका. तसाच ठिपका काळ्या डोक्याच्या कुरवालाही असतो. त्यामुळे खात्री करायची ती पंखाच्या काळ्या टोकातल्या पांढऱ्या डागावरून. तो डाग तपकिरी डोक्याच्या कुरवाला असतो, आणि उडत्या पक्ष्यात दुर्बिणीने नीट दिसत नाही. फोटोच लागतो. 143 फोटो काढले.

19 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, आंजर्ल्याच्या बाजूला जोग नदीच्या मुखाशी 206 फोटो. अमावस्या दोन दिवसांवर, पाणी चांगलंच मागे गेलेलं. कुरवांबरोबर चिखले, म्हणजे चिखलात फिरणारे छोटे पक्षीही भरपूर.

दोन्ही वेळा घरी आल्यावर कार्ड टॅबला लावून सगळं कॉपी केलं आणि दिवाळीच्या गडबडीत उघडून पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा गॅलरीत ऑक्टोबर महिन्यात माझ्या कॅमेऱ्याचा एकही फोटो नाही. फोनवरून आलेले चकल्यांचे फोटो मात्र ओळीने हजर.

भाचा म्हणाला, "मामा, तूच उडवलंस. कचऱ्याच्या डब्यात बघ." बघितलं. डबा रिकामा. मग फाइल मॅनेजर उघडला. तिथे फोल्डर जागच्या जागी होता आणि आत 698 फाइली. मी प्रत्येक फोटोची जेपेग आणि रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) अशा दोन्ही फाइली ठेवतो, म्हणजे 349 दुणे 698. हिशेब चोख. फाइल आहे पण गॅलरीत नाही असं असेल, तर पहिला संशय 'नोमीडिया' नावाच्या रिकाम्या फाइलीवर घ्यायचा. नावाआधी टिंब असलेली ही फाइल ज्या फोल्डरात असते तो फोल्डर गॅलरी वगळते. लपलेल्या फाइली दाखवायला सांगून पाहिलं, नव्हती. टॅब बंद करून चालू केला, म्हणजे यादी नव्याने बनेल. तरी ऑक्टोबर मोकळाच. इथपर्यंत एक संध्याकाळ गेली. कार्ड मात्र फॉरमॅट केलेलं नव्हतं, त्यामुळे झोप लागली.

दुसऱ्या दिवशी वैतागून गॅलरीत बोट फिरवत पार तळापर्यंत गेलो. तिथे सापडले. 1 जानेवारी 2015, मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता, हर्णै बंदर, लख्ख ऊन. कॅमेरा मी घेतला 2019 मध्ये!

कारण आपल्याच पावसाळ्यात आहे. जूनपासून कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो, नाहीतर इथल्या दमट हवेत लेन्सवर बुरशी ठरलेली. तेव्हा बॅटरी काढून ठेवतो. आतल्या घड्याळाला एक छोटी बॅटरी असते, पण ती मोठ्या बॅटरीवरच चार्ज होते. चार महिन्यांत तिने मान टाकली. बंदरावर कॅमेरा चालू केल्यावर त्याने तारीख विचारलीही होती. कुरव डोक्यावर, मी न वाचता ओके दाबलं.

फाइल मॅनेजर कॉपी केल्याचा दिवस दाखवत होता, गॅलरी फोटोच्या आत लिहिलेली तारीख वाचत होती. एकाच फोटोच्या दोन तारखा, म्हणून हा घोळ.

फोटो मिळाले, पण काम संपलं नव्हतं. पहिला कुरव कधी दिसला याची वही मी सहा वर्षं ठेवतोय. त्यात मध्यरात्रीचा कुरव कसा लिहिणार? फरक नेमका काढायला एकाच क्षणाचे दोन फोटो हवेत, एक कॅमेऱ्याचा, एक फोनचा. सुदैवाने एका बैलगाडीचे दोन्हींतून काढले होते. डावं चाक आसाच्या वर बुडालेलं, आणि एक जण डोक्यावर क्रेट घेऊन गाडीकडे पाऊल उचलतोय, पाय अजून हवेत. दोन्ही फोटोंत पाय तिथेच. फोनवर 7.52, कॅमेऱ्यावर 0.47. फरक 7 तास 5 मिनिटं आणि 3937 दिवस. दिवस बोटांवर मोजू नका, 2016, 2020, 2024 ही तीन लीप वर्षं मध्ये येतात. मी पहिल्यांदा एक विसरलो आणि कुरव शनिवारी आणले. आंजर्ल्याच्या फोटोंवर ताडून पाहिलं, तिथेही 7 तास 5 मिनिटंच.

भाच्याच्या लॅपटॉपवर एक्झिफटूल नावाचा, फोटोच्या आत लिहिलेली माहिती बदलणारा प्रोग्राम आहे. फुकट आहे, काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावी लागते एवढंच. सगळ्या तारखा एकाच फरकाने पुढे सरकवायची सोय त्यात आहे, रॉ फाइलींनाही चालते, आणि मूळ फाइल तो आपणहून बाजूला ठेवतो. 349 फोटोंना मला चहा करण्याएवढाही वेळ लागला नाही. टॅबवरचे जुने काढून दुरुस्त केलेले परत टाकले. आधी नुसते वरून चढवून पाहिले तेव्हा गॅलरी 2015च धरून बसली होती.

मग शेवटी पंख पाहिले. सातपैकी पाचांच्या टोकात पांढरा डाग स्वच्छ. एक पाठमोरा. सातव्याबद्दल मला शंका आहे, त्याचा फोटो मोठा करून कुणीतरी पाहा.

26 ऑक्टोबर. पुन्हा हर्णै. आधी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलं, मग पहिला फोटो फोनच्या घड्याळाचा काढला. वहीत लिहिलंय: पहिले कुरव, 12 ऑक्टोबर, सकाळी 7.52च्या आधी, हर्णै, 7.