जळगाव–धुळे–जळगाव सायकलने: परतताना अमळनेर–धरणगाव रस्ता घेऊ नका

जळगावहून धुळ्याला सायकलने जाऊन परत येणाऱ्याने परतीसाठी अमळनेर–धरणगावचा आतला रस्ता घेऊ नये, हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो, कारण मला नेमका उलटा सल्ला मिळाला होता. महामार्ग जिवावर बेतणारा आहे आणि आतला रस्ता शांत, सावलीचा व निर्धोक आहे, असे ओळखीच्या तीन-चार अनुभवी सायकलस्वारांनी खात्रीने सांगितले होते. याच महामार्गाच्या फागणे–तरसोद टप्प्याचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले होते आणि त्या काळातले खड्डे व धूळ ज्यांनी सोसली त्यांच्या मनातून ती भीती गेलेली नाही, हे मी समजू शकतो. प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी महामार्गाने धुळ्याला गेलो तेव्हा एरंडोल आणि पारोळा कधी मागे पडले ते कळलेही नाही.

जातानाचा त्रास झाला तो वाऱ्याचा. धुळे पश्चिमेला आहे, तापीचे खोरेही पश्चिमेकडे उघडे आहे, आणि थंडी ओसरली की दुपारी तिकडूनच वारा सुटतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. पारोळ्याला मी नाश्त्यासाठी तासभर रेंगाळलो आणि त्याची किंमत पुढचे ३५ किलोमीटर मोजली. सपाट रस्त्यावर ताशी १२ चा वेग राखतानाही मांड्या भरून येत होत्या. म्हणून जळगाव पहाटे पाचला सोडा आणि अकराच्या आत धुळे गाठा. धुळ्यात मुक्कामाची व जेवणाची कोणतीही अडचण येत नाही.

दुसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता, त्यामुळे अमळनेरपर्यंतचे अंतर आनंदात कापले आणि मिळालेल्या सल्ल्यावरचा माझा विश्वास आणखी वाढला. अमळनेर सोडल्यावर मात्र टाकरखेड्याच्या अलीकडे मागचे चाक बसले. टायरमध्ये बाभळीचा पांढरा, बोटाच्या पेराहून लांब काटा रुतला होता. मी तो उपटला, ट्यूब बदलली आणि निघालो. दीड किलोमीटरही झाले नसतील, तोच तेच चाक पुन्हा बसले. या दिवसांत शेतकरी बांधावरच्या बाभळी छाटतात, कुंपणासाठी काटेरी फांद्या ट्रॅक्टरने नेतात, आणि वाटेत गळालेले काटे डांबराच्या कडेला, म्हणजे बरोबर सायकल चालते त्या पट्ट्यात साचतात. शेतकऱ्याचे यात काही चुकत नाही, त्याचे काम त्याने केलेच पाहिजे. पण जे या रस्त्याची शिफारस करतात त्यांनी हे सांगायला हवे होते. मोटार आली म्हणून कच्च्या कडेवर उतरावे, तर तिथे वाळलेले सराटे पसरलेले असतात.

धरणगावापर्यंत एकूण चार पंक्चर झाले. जवळची दुसरी ट्यूबही गेली आणि पॅचचे सोल्युशन संपले, तेव्हा रस्त्यालगतच्या एका दुकानात थांबावे लागले. माझ्या आधीच्या मोटारसायकलवाल्याकडून दुकानदाराने माझ्यासमोर ७० रुपये घेतले आणि माझ्याकडे एका पॅचचे २०० मागितले. माझ्या ट्यूबच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे हवा भरायच्या बारीक नळीला, त्याचा कॉम्प्रेसर लागत नव्हता, म्हणून हवाही मीच माझ्या पंपाने भरली होती. विचारल्यावर ‘महागाची सायकल आहे’ एवढेच उत्तर मिळाले. अंधार पडण्याआधी घर गाठायचे होते म्हणून मी पैसे दिले, पण हा व्यवहार सरळ नव्हता असे माझे ठाम मत आहे. चाक खोलण्याआधी दर ठरवून घ्या आणि प्रेस्टाचा अडॅप्टर जवळ ठेवा. तो खिशात मावतो.

दुसऱ्या पंक्चरचे कारण मला चौथ्या पंक्चरच्या वेळी कळले, आणि तेच इथे सर्वांत महत्त्वाचे आहे. बाभळीचा काटा ओढला की त्याचे टोक बहुधा मोडून टायरच्या आतच राहते. ते बाहेरून दिसत नाही आणि नवी ट्यूब फुगताच तिला भोसकते. त्यामुळे ट्यूब बसवण्यापूर्वी टायरच्या आतून सुती फडके फिरवावे, कारण टोक असेल तिथे धागा अडकतो. बोट फिरवू नका, माझे कापले आहे. सापडलेले टोक चिमट्याने काढा. इतके करूनही ज्यांना याच रस्त्याने जायचे असेल त्यांनी जाड टायर लावावेत, किमान तीन ट्यूब घ्याव्यात आणि हे जमत नसेल तर धुळ्याहून महामार्गानेच परतावे.

पाळधीला महामार्ग लागला तेव्हा दिवे लागले होते. बांभोरीजवळच्या गिरणेच्या पुलावर मागून येणाऱ्या ट्रकचे झोत पाठीवर घेत मी कडेकडेने आलो, आणि त्या वर्दळीतही मला आतल्या रस्त्यापेक्षा सुरक्षित वाटले, कारण चाक फिरत होते. मागचा लाल दिवा मात्र चालू हवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवी.

सकाळी अंगणात दोन्ही टायर उलटे करून उन्हात धरले, तेव्हा मागच्यात आणखी तीन टोके निघाली, त्यांतले एक ट्यूबपर्यंत जेमतेम पोहोचले होते.