‘आमच्याकडे मेल वाचतंय कोण?’

आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. प्लँट तीन: भोसरी, चाकण आणि वाळूज. मी सिस्टीम्समध्ये, म्हणजे ईआरपी (कंपनीचा सगळा हिशेब, साठा, ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) अडकलं की ज्याला शिव्या बसतात तो. सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. माझ्या एकट्याच्या फोनवर कामाचे 46 ग्रुप होते. ‘क्वालिटी चाकण’, ‘क्वालिटी चाकण न्यू’ आणि ‘क्वालिटी चाकण फायनल’, तिन्ही जिवंत. ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन कोणती, हे ज्याच्या फोनमध्ये आली त्यालाच ठाऊक. एक क्वालिटीवाला नोकरी सोडून गेला, त्याच्या फोनबरोबर आठ महिन्यांचे रिजेक्शनचे फोटोही गेले. तेव्हा माझ्या डोक्यात खूळ शिरलं, की कंपनीचं स्वतःचं असं फेसबुकसारखं काहीतरी हवं.

2024 च्या उन्हाळ्यात संचालकांपुढे प्रेझेंटेशन घेऊन गेलो. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा 2012 चा अहवाल त्यात ठासून भरला होता. असल्या सोशल साधनांमुळे चार उद्योगक्षेत्रांत मिळून वर्षाला 900 अब्ज ते 1.3 लाख कोटी डॉलरची किंमत निर्माण होऊ शकते. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा आठवड्यातला 28 टक्के वेळ ईमेलमध्ये जातो, वगैरे. साहेबांनी चष्मा काढला.

‘‘आमच्याकडे मेल वाचतंय कोण?’’

खरंच होतं. लाईनवरच्या माणसांना मेल आयडीच नव्हता.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड. फेसबुकवाल्या मेटाने आपलं ‘वर्कप्लेस’, म्हणजे कंपन्यांसाठीचं असंच आतलं फेसबुक, बंद करायचं त्याच मे महिन्यात जाहीर केलं होतं, ते त्यांनी कुठेतरी वाचलेलं. ‘‘एवढी मोठी कंपनी दुकान गुंडाळते. उद्या तुझ्यावाल्याने गुंडाळलं तर आपला माल कुठे?’’ मला सुचायला हवा होता तो प्रश्न. मग विक्रेत्याबरोबरच्या करारात कलम घातलं, की सगळ्या पोस्ट, फोटो, फायली आम्हाला हव्या तेव्हा काढून मिळतील. त्याने जरा कुरकुर केली, पण दिलं.

पहिले तीन महिने नुसती फजिती. एचआरने वाढदिवस टाकायला सुरुवात केली. कोणाच्या तरी डोक्यातून निघालं, की पोस्टची संख्या अप्रेझलमध्ये धरायची. झालं! सकाळी सात वाजता गुलाबाची फुलं, खाली ‘ग्रेट सर’ची रांग. शॉप फ्लोअरवर फोन न्यायला बंदी, म्हणून लाईनजवळ टॅब बसवले. तर तेलकट हातांना आणि रबरी मोज्यांना स्क्रीन दाद देईना. मराठी टायपिंगच्या नावाने तर सगळ्यांनीच हात जोडले.

त्या दिवसांत स्लॅकची, म्हणजे ऑफिसातल्या गप्पांसाठीच्या ॲपची, जन्मकथा वाचनात आली. ती मंडळी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाईन गेम बनवत होती. 2012 मध्ये गेम बुडाला, पण टीमने आपापसात बोलायला जे साधन केलं होतं ते उरलं. त्याचंच पुढे स्लॅक झालं, आणि 2021 मध्ये सेल्सफोर्सने ते सुमारे 27.7 अब्ज डॉलरना घेतलं. त्यांनी आधी स्वतःची नड भागवली होती. आम्ही कोणाची भागवत होतो? एचआरची.

वाढदिवस दुसऱ्या पानावर हलवले, अप्रेझलची भानगड बंद केली. मुख्य पानावर एकच काम: बिघाड आणि त्यावरचा इलाज. लिहायचं नसेल तर बटण दाबून बोला, मशीनचा नंबर तेवढा निवडा.

पहिल्याच आठवड्यात भोसरीच्या मेंटेनन्सच्या काकांनी तीन-चार किस्से बोलून ठेवले. काकांना बोलायला लागतंच काय!

पावसाळ्यात चाकणला रात्रपाळीत एका सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, टरेट (हत्यारं धरणारा फिरता भाग) अडला. क्लॅम्पचा अलार्म यायचा, रिसेट केला की जायचा, दोन पीस झाले की पुन्हा. पोरांनी हायड्रॉलिक प्रेशर तपासलं, व्हॉल्व्ह खोलायच्या बेतात होते. सुपरवायझरने सहज टॅबवर मशीनचा प्रकार टाकून शोधलं. काकांचा आवाज आला, मागे कॉम्प्रेसरची घरघर: ‘‘व्हॉल्व्हला हात लावू नको रे बाबा. सेन्सरचा कनेक्टर काढ, त्यात कूलंट शिरलं असणार. हवा मार, कोरडा कर, ओ-रिंग बदल.’’ कनेक्टर काढला तर आत दुधाळ पाणी. वीस मिनिटांत लाईन सुरू. काका तेव्हा भोसरीत घरी झोपलेले होते.

मॅकिन्झीच्या आकड्याने जे झालं नाही ते या वीस मिनिटांनी केलं. लाईन तासभर थांबली तर किती जातात, हे आमच्या कॉस्टिंगवाल्याला तोंडपाठ असतं. त्याने स्वतःहून हिशेब मांडला. वाळूजवाले आमच्या चुका आधी वाचून मग डाय लावायला लागले.

व्हॉट्सॲप गेलं का? छे. ट्रक कुठे पोचला, कँटीनला आज काय, हे अजून तिथेच चालतं, आणि माझी त्याला हरकत नाही. डिझाईनवाले अजूनही काही टाकत नाहीत. आपलं शहाणपण फुकट का वाटा, असा त्यांचा हिशेब. त्यावर माझ्याकडे सॉफ्टवेअर नाही.

यंदा नूतनीकरणाची फाईल नेली तेव्हा प्रेझेंटेशन केलंच नाही. अकरा पोस्ट कागदावर छापून नेल्या. साहेबांनी शांतपणे वाचल्या, काकांच्या पोस्टवर बोट ठेवलं.

‘‘हे रिटायर कधी होतायत?’’

‘‘मेमध्ये.’’

‘‘आत्तापर्यंत किती बोललेत?’’

‘‘चौतीस.’’

त्यांनी सही केली, आणि काकांना एक महिना मशीनवरून काढून नुसतं बोलायला बसवता येईल का, ते बघायला सांगितलं.