देवाला विचारलं, पण आधीच ठरवून

२०१६ साली आम्ही नगरजवळ एक प्लॉट घ्यायला निघालो होतो. विकणारे गृहस्थ आमच्याच समाजातले. घरी आले, चहाच्या आधी स्वतःहून प्रार्थना केली, मग सातबारा पुढे केला. त्यावर नाव त्यांचंच. ह्यांनी त्याच दिवशी दोन लाख इसार दिला. जुने फेरफार काढून बघायचं कोणाला सुचलं नाही, आणि गुडघे टेकून देवाला विचारायचंही नाही. भावांचे हिस्से नंतर निघाले. पैसे सुटायला चार वर्षं लागली, तेही अर्धेच.

त्या दिवसांत बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकाचा नववा अध्याय मी कितीदा वाचला असेल! गिबोनी लोक फाटकी पोती, ठिगळांचे जोडे आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन आले. तुमच्या परमेश्वराचं नाव ऐकून फार लांबून आलो, म्हणाले. इस्राएली माणसांनी त्यांचा शिधा पाहिला, आणि परमेश्वराला न विचारताच त्यांच्याशी करार केला. तीन दिवसांनी कळलं, हे तर शेजारचेच. आमचंही तेच झालं होतं.

म्हणून गेल्या वर्षी पुण्याच्या एका शाळेतून बोलावणं आलं, पगार दीडपट, तेव्हा ठरवलं की या वेळी आधी विचारायचं. रोज पहाटे पाचला, घर उठायच्या आत, ओट्याशी स्टूल ओढून बसायचे. शुक्रवारी उपवास धरायचे. बायबलमधल्या गिदोनानं लोकर पसरून देवाकडे खूण मागितली होती, तशी खूणसुद्धा मागितली: बुधवारच्या आत शाळेचा फोन येऊ दे. तो मंगळवारी संध्याकाळीच आला. आनंद व्हायचा, तर पोटात खड्डा पडला.

पाळकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "गिदोनाला काय करायचं ते देवानं आधीच सांगितलं होतं. लोकर त्यानं धीर यावा म्हणून पसरली. तुला देवानं काय सांगितलंय?"

घरी येऊन वही उघडली. रोजची प्रार्थना मी त्यात लिहीत होते. एकोणीस दिवस, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एकच वाक्य: "प्रभू, पुण्याचा मार्ग मोकळा कर." जाऊ की नको, हे एकाही पानावर नव्हतं. मी देवाकडे सही मागत होते.

मग बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सोळावा अध्याय सावकाश वाचला. प्रेषित पौलाला देवानं आसिया प्रांतात वचन बोलू दिलं नाही, बिथुनियात जाऊ दिलं नाही. त्रोवसला पोचल्यावर रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण पुढच्याच वचनात हे पुस्तक लिहिणारा लूक "आम्ही" म्हणतो. देव आपल्याला बोलावतो आहे, हे अनुमान सगळ्यांनी मिळून केलं. माझ्या वहीत तर मी एकटीच होते.

त्या रात्री आईच्या पायांना तेल लावता लावता विषय काढला. वहीत मी तिला अडचण म्हणून लिहिलं होतं: आई नगर सोडणार नाही, तिचं मन वळव. ती म्हणाली, "देवाला इतके दिवस विचारलंस, मला आज विचारतेस होय? मी येईन की पुण्याला. पण तू का चाललीस, ते सांग."

पगार, मुलांचं शिक्षण, सगळं सांगून झालं. ती गप्प ऐकत होती. आणि मग माझ्या तोंडून निघालं, की माझ्या आताच्या शाळेत पर्यवेक्षकपद मला डावलून दुसऱ्यांना दिलं, तेव्हापासून त्या शाळेची पायरी चढवत नाही. मी रडले. आईनं माझ्या तेलकट हातांवर हात ठेवला आणि तिथंच प्रार्थना केली, दोनच वाक्यांची.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून यंदा जमणार नाही म्हणून कळवलं. ह्यांना ते पटायला वेळ लागला. पगाराचा आकडा अजूनही कधीकधी निघतो. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली.

मुख्याध्यापकांशी समोरासमोर बोलायचं अजून बाकी आहे. कधी आणि कुठल्या शब्दांत, ते सध्या पहाटे विचारते आहे. आईही सोबत बसते.