तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक भारी की पिक्चर?

वाचनालयात काम करते त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो. कॉलेजची मुलं पुस्तक उलटंपालटं करून विचारतात, ताई याचा पिक्चर आलाय ना, मग वाचायची काय गरज? आणि जुने सभासद असतात त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो, की पुस्तकाची सर पिक्चरला येतच नाही. मला दोन्ही पटत नाही, आणि उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच.

माझ्या मते आधी बघायचं की पुस्तकात गोष्ट सांगतंय कोण. तिथेच सगळं ठरतं.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' घ्या. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. अख्खी कादंबरी मुकुंद सांगतो, त्याच्या नववीतल्या भाषेत, आणि जिच्यासाठी जीव टाकतो तिलाही मनातल्या मनात आडनावानंच हाक मारतो. आता गंमत बघा, शिरोडकर आपल्याला तेवढीच कळते जेवढी त्याला कळते, म्हणजे फारच थोडी. तिच्या एकेका नजरेचा तो कीस काढत बसतो आणि आपणही त्याच्यासोबत झुरतो, तिच्या मनात आहे की नाही हे आपल्यालाही माहीत नसतं ना. सुजय डहाकेंचा सिनेमा २०१२ मध्ये थिएटरला आला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, मुलांनी कामं फार सुंदर केलीत आणि मला तो आवडतो. पण कॅमेरा शिरोडकरच्या चेहऱ्यावर गेला रे गेला की आपल्याला उत्तर मिळतं, केतकी माटेगावकर जराशी लाजते आणि मुकुंदला कळायच्या आधी आपल्याला कळलेलं असतं. ती जी घालमेल होती, पुस्तकभर पुरलेली, ती तिथे संपते. यात दिग्दर्शकाची चूक काहीच नाही, चेहरा दाखवल्याशिवाय सिनेमा करणार कसा?

आता अगदी उलटं उदाहरण, 'सिंहासन'. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', त्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये सिनेमा केला. मुख्यमंत्री, त्यांची खुर्ची ओढायला बसलेले अर्थमंत्री, कामगार पुढारी, स्मगलर, पत्रकार, केवढी माणसं! कादंबऱ्या दमदारच आहेत, साधू स्वतः पत्रकार, त्यांना हे जग आतून माहीत होतं. पण एवढ्या गर्दीत वाचताना कधीकधी कोण कुणाच्या गटात हे मागची पानं उलटून बघावं लागतं. सिनेमात अरुण सरनाईक आणि श्रीराम लागू समोर आले की बास, कोण किती पाण्यात आहे ते त्यांच्या बसण्याबोलण्यावरून कळतं.

आणि निळू फुले. दिगू टिपणीस हा पत्रकार. तोपर्यंत लोकांना निळूभाऊ म्हणजे बेरकी सरपंच, पाटील, असे माहीत, आणि इथे ते बहुतेक वेळ नुसते ऐकतात. जो तो येऊन दिगूला आपल्या सोयीचं सांगून जातो, दिगू मान हलवतो, सिगरेट ओढतो, आणि त्या चेहऱ्यावर हळूहळू जे साचत जातं ना ते लेखकाला लिहून दाखवायचं तर पानं खर्ची पडतील, आणि लिहिलं की ते थोडं मोठ्यानं बोलल्यासारखंच होणार. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो तेव्हा आपल्याला कुणी काही समजावून सांगत नाही, गरजच नसते. मी कितीदाही बघितला तरी तिथे अंगावर काटा येतो. इथे मी सिनेमाच्या बाजूनं आहे, अगदी ठामपणे.

'श्यामची आई'बद्दल पण विचारतात. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि पुस्तकात बेचाळीस रात्री मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना आई सांगतोय, म्हणजे आई गेल्यानंतरचं सगळं दुःख प्रत्येक आठवणीला आधीच चिकटलेलं. अत्र्यांच्या १९५३च्या सिनेमात माधव वझेंचा श्याम लहान आहे, त्याला पुढचं काही ठाऊक नाही. पण म्हणूनच वनमालाबाईंची आई मुलाच्या भक्तीतून बाहेर येऊन एक स्वाभिमानी, गरिबीनं गांजलेली बाई म्हणून दिसते. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्या सिनेमाला मिळालं ते उगाच नाही. इथे मला खरंच दोन्ही हवेत.

तेव्हा 'शाळा' न वाचता बघू नका प्लीज, एकदा शिरोडकरचा चेहरा ठरला की ते परत मिळत नाही. 'सिंहासन' मात्र आधी बघा आणि मग वाचा, चेहरे डोक्यात असले की ती गर्दी सोपी जाते. आणि 'मुंबई दिनांक' सोडू नका, लोक नाव बघून फक्त 'सिंहासन' वाचतात आणि त्या सिनेमाचं अर्धंच पुस्तक वाचून थांबतात.