फवारणीचा व्हिडिओ पाहिलात, आता डब्यावरचं लेबल वाचा

पावसाने उघडीप दिली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मेसेज फिरू लागतात: "अमुक औषध 10 एमएल टाका, अळी साफ." तो खरा की खोटा हे नंतर बघू, आधी तो पुरा आहे का ते बघा. पीक, कीड, औषधातला घटक, त्याची टक्केवारी आणि प्रमाण. ते प्रमाणही कशाला, म्हणजे 10 लिटर पाण्याला, एकराला की हेक्टरला? यातलं एक जरी कळत नसेल, तर तो सल्ला पंपात ओतू नका.

व्यापारी नावावर तर अजिबात जाऊ नका. इमामेक्टिन बेंझोएट हे कीटकनाशक 5 टक्के एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारं दाणेदार येतं, कपाशीच्या बोंडअळीसाठी 10 लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6 ग्रॅम. हाच घटक 1.9 टक्के ईसी म्हणून पातळही मिळतो. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं की हिशेब कोलमडतो, आणि मग "औषधच बोगस होतं" असं म्हणत आपण दुकानदाराशी भांडतो.

सर्वांत जास्त घोळ एकर आणि हेक्टरचा. सोयाबीनमधलं तणनाशक इमाझेथापायर 10 टक्के एसएल (पाण्यात विरघळणारं द्रव) हेक्टरी 1 लिटर, म्हणजे एकरी 400 मिली. स्क्रीनशॉटमधून "हेक्टरी" शब्द कापला गेला, की कोणीतरी एकरी लिटरभर मारतो. अडीचपट! पीक पिवळं पडून खुरटतं, शिवाय जमिनीत उरलेल्या अंशाचा त्रास रब्बीच्या पिकाला होऊ शकतो. हिंदी व्हिडिओतलं "बीघा" हे जमिनीचं माप तर सोडूनच द्या, ते राज्यागणिक बदलतं.

कृषी विद्यापीठाच्या शिफारशीखाली बऱ्याचदा एक ओळ असते: हे प्रमाण साध्या पंपासाठी, पॉवर स्प्रेसाठी तिप्पट. पॉवर स्प्रे म्हणजे इंजिनवर चालणारा पंप. त्याला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून पाण्यातलं औषध वाढवायचं. एकरी औषध तेवढंच राहतं. ही ओळ फॉरवर्ड होताना हमखास गळते, किंवा कोणी बॅटरी पंपालाच पॉवर स्प्रे समजून तिप्पट टाकतो. अंदाज करण्यापेक्षा मोजा. पंपात नुसतं पाणी भरून नेहमीच्या चालीने एक गुंठा फवारा. 5 लिटर लागलं, तर गुणिले 40, एकरी 200 लिटर. वरचं इमामेक्टिन मग एकरी 80 ग्रॅम बसतं.

सल्ला बरोबर असूनही तुमच्या कामाचा नसेल, असंही होतं. "सोयाबीन पिवळं पडलंय, फेरस सल्फेट मारा" हे लोहाच्या कमतरतेला ठीक आहे. तिथे कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात आणि चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जागी पट्टाच्या पट्टा तसा दिसतो. पिवळा मोझॅक या रोगात पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात आणि सुरुवातीला विखुरलेली झाडंच धरतात. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. तिथे फेरसचा काहीच उपयोग नाही. रोगट झाडं उपटून नष्ट करायची आणि माशीचा बंदोबस्त करायचा. व्हिडिओ लावण्याआधी पान उन्हात धरून बघा.

तारीखही बघा. एन्डोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाने मे 2011 मध्ये बंदी घातली. त्याआधीचा लेख आजही शोधात वर येऊ शकतो.

चार-पाच औषधं एकाच टाकीत कालवणाऱ्या व्हिडिओंची मला मनापासून चीड येते. त्यातही फवारणाऱ्याच्या हातात मोजे नाहीत, तोंडाला मास्क नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते विसरण्यासारखं नाही. मिश्रण लेबलवर नसेल तर करू नका. असेल, तरी आधी 1 लिटर पाण्यात त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवा. दह्यासारखं फुटलं, गाळ बसला, तर ते पंपात नको. फुटलं नाही म्हणजे पिकाला चालेलच असंही नाही. आधी दोन-चार झाडांवर मारून दोन-तीन दिवस बघा.

शेवटचा निवाडा डब्यावरचं लेबल आणि सोबतची घडीपत्रिका करते. तिथे तुमचं पीक आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायचं, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाचा रंग कोणता (लाल सर्वांत विषारी), हे वाचा. अडलं तर किसान कॉल सेंटर, 1800-180-1551. फोन करताना डबा हातात ठेवा, घटक आणि टक्केवारी वाचून दाखवता येते.