घरात धान्य आहे, तिच्या ताटात काय आहे?

मी अर्थशास्त्राची प्राध्यापक, पण माझं संशोधन बायांच्या ताटाभोवती फिरतं. काल काय जेवलात, कोणत्या वाटीने, सगळ्यांच्या आधी की मागून, असे प्रश्न घेऊन मी नागपूर जिल्ह्यातल्या गावांत जाते. नवे विद्यार्थी हमखास विचारतात, मॅडम, हे काम होम सायन्सवाल्यांचं नाही का? पीएच.डी.चा विषय नोंदवला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठांनीही हेच विचारलं होतं. तेव्हा दोन वाक्यांत दिलेलं उत्तर आज नीट लिहून काढते आहे.

एम.ए.ला दारिद्र्यरेषा शिकले. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये माणशी रोजचे 2,250 उष्मांक धरून देशातली गरिबी मोजली. पुढे 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी 2,400 आणि शहरासाठी 2,100 असे आकडे ठरवले. मग दांडेकर आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा वाद वाचला. सुखात्म्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक वरखाली होते, त्यामुळे सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकाला अर्धपोटी म्हणता येत नाही. दोन मराठी माणसं भुकेच्या मोजमापावरून इतक्या तयारीने भांडतात, याचं मला फार अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं. पण हाताशी असलेला आकडा सगळा कुटुंबाचा होता. घरात आलेलं अन्न भागिले घरातली माणसं. उंबरठ्याच्या आत ते कसं वाटलं जातं, याला रकानाच नव्हता.

अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल दाखवून दिलं, की लाखोंनी मरावं इतकी काही धान्याची तूट नव्हती. ते मिळवण्याची ऐपत आणि हक्क लोकांच्या हातून गेले होते. मला वाटलं, हाच प्रश्न एका घरापुरता विचारून पाहावा. घरात तूर आहे. मग वरण कोणाला मिळतं?

सावनेरकडचं एक गाव, कापूस वेचणीचे दिवस. दिवसभर बाया वावरात, म्हणून आम्ही संध्याकाळी गेलो. एका ताईंना विचारलं, काल काय जेवलात? "जेवली ना मॅडम, सगळ्यासंगं." इथेच थांबलं तर फॉर्म भरून होतो. पण मागच्या चोवीस तासांची विचारपूस करायची म्हणजे अख्खा दिवस उलगडावा लागतो. उठल्यावर? काळा चहा. वावरात काय नेलं? दोन पोळ्या आणि ठेचा. वरण नव्हतं का? "वरण लेकाले ठेवलं." रात्री? भात आणि वांग्याची भाजी. भाजीत फोडी होत्या? त्या जरा थांबल्या. "रस्सा होता ना." सासरे, नवरा, लेकरं जेवून उठल्यावर गंजात जे उरलं ते त्यांचं. मग त्यांचीच वाटी घेऊन त्यात मापाने पाणी ओतलं, किती मावतं ते लिहिलं, त्यांच्या पळीचंही तसंच. शेजारी बसलेली सासू हे सगळं बघत होती. म्हणाली, "आमच्या टायमाले रस्साबी नव्हता उरत, माय."

स्त्रियांच्या आहारातलं वैविध्य मोजताना अन्नाचे दहा गट धरतात आणि दिवसभरात किमान पाच गटांतलं काही पोटात गेलं पाहिजे, अशी कसोटी आहे. ठेचा चवीपुरता, तो धरत नाहीत. रश्शातलं वांगं धरलं तरी या ताईंचे गट भरले दोन. कोपऱ्यात तुरीचं पोतं उभं होतं. घराच्या हिशेबात हे कुटुंब अन्नसुरक्षित.

या वाटणीचा परिणाम रक्तात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 ला महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 48 टक्के बायांना रक्तक्षय होता. 2019-21 च्या पाहणीत 54.2 टक्क्यांना निघाला. देशात बाया 57 टक्के, पुरुष 25. बोटाच्या थेंबावरून केलेली मोजणी थोडी इकडेतिकडे होते, हा आक्षेप मला मान्य आहे. बाया आणि पुरुष यांच्यातलं एवढं अंतर मात्र त्याने भरून निघत नाही. पाळीत आणि बाळंतपणात रक्त जातं हे खरंच, पण गेलेलं भरून काढायला ताटात काही यावं लागतं. लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. मळमळतं, शौचाला खडा होतो, म्हणून त्या डब्यात पडून राहतात. वर जेवणाला लागूनच चहा होतो आणि आहे तेवढं लोहही अंगी लागत नाही.

पावसाळ्यात चित्र जरा बरं असतं. तरोटा, चिवळ, अंबाडी अशी पालेभाजी घरी येते, जवसाची चटणी असतेच. पण ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं आणि ज्वारीच्या ओळींमधला मूगही गेला. बाया सांगतात, तणनाशक मारल्यापासून धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची भाजीही मिळत नाही. शिवाय खुडायला, निवडायला वेळ कुठे आहे? 2019 च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचं काम करणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला 299 मिनिटं देतात, पुरुष 97. वेचणीच्या दिवसांत ही मिनिटं मजुरी करून आल्यावरची असतात.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं मला मोल आहे. रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली, हे मी गावोगाव अभिमानाने सांगितलं आहे. माणशी महिन्याला पाच किलो धान्य ही काही लहान गोष्ट नाही. पण ते गहू-तांदूळ आहे, आणि पोळी-भात तिच्या ताटात तसाही पडतो. अडतं ते डाळ, भाजी, दूध, अंडी इथे. विदर्भात तूर पिकते आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे रेशन दुकानात, डाळीचा हक्क नाही, हे मला पटत नाही. कायद्यात गहू-तांदळाबरोबर डाळ यायलाच हवी.

डाळ आली तरी ती आधी कोणाच्या वाटीत जाईल, हा प्रश्न राहतोच. म्हणून 2015 पासून राज्याच्या आदिवासी भागात चालणारी अमृत आहार योजना मला जवळची वाटते. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं. अंगणवाडीतून घरी नेलेलं पाकीट सगळ्यांत वाटलं जातं. तिथेच बसून जेवलं तर ते तिच्या पोटात जातं. हा निव्वळ वाटपाचा प्रश्न आहे, आणि वाटप हा अर्थशास्त्राचा विषय नसेल तर कशाचा असेल? वेचणीच्या काळात वावरात राबणाऱ्या प्रत्येक बाईसाठी असं एक जेवण गावात शिजायला हवं. त्याचा खर्च मांडायला माझ्या दोन विद्यार्थिनींनी घेतलं आहे. दिवाळीनंतर त्या कामाला लागतील, आणि त्यांच्या फॉर्मवर 'कोणी वाढलं' आणि 'कोणामागून जेवली' हे दोन्ही रकाने आहेत.